शेवटच्या बाकापर्यंत

१४ जुलै

प्रिय लेका,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, घर जागेवर आहे, आणि मीही ठणठणीत आहे. पण फोन केला की 'हो आई, बरं आई, ठेवतो आई' असं म्हणत तू मला झटपट वाटेला लावतोस आणि लांबलचक निरोप धाडला की उत्तरादाखल एक अंगठा पाठवतोस. माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला अंगठा! म्हणून मी हा उपाय काढला. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तेवढा तू वाईट नाहीस.

यंदा माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या आहेत. वयाने माझ्याहून लहान, आवाज मऊ, पण शब्द मागे घेत नाहीत. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं, की मधल्या सुट्टीनंतरचा तास रोज बोलण्याचा आणि ऐकण्याचा. पुस्तक नाही, वही नाही, फळा नाही. मी म्हटलं, "मोठ्या बाई, माझ्या वर्गाला बोलायला काय शिकवायचं? गप्प बसायला शिकवता शिकवता माझा घसा बसतो." त्या म्हणाल्या, "त्यांना बोलता येत नाही, बाई. आवाज करता येतो."

मला राग आला. वर्गात जाऊन पाहिलं तर बाईंचं खरं होतं, मग आणखी राग आला.

वर्गातली मंडळी तुला सांगते. पहिल्या बाकावर भोंगा. याला पाणी हवं असलं तरी शेजारच्या गल्लीला कळतं. मधल्या रांगेत आमच्या वकीलबाई, सात वर्षांच्या, दोन घट्ट वेण्या. उलटतपासणी घेतल्याशिवाय कुणाचं काही मान्य करत नाहीत. आणि खिडकीपाशी जमीनदार. जे काही सांगायचं ते हा जमिनीकडे बघून सांगतो, म्हणून मी त्याला मनातल्या मनात हे नाव ठेवलं. त्याचं बोलणं त्याच्या बुटांना तेवढं ऐकू येत असावं.

बाबांचं तू विचारत नाहीस, तरी सांगते. सुतारकामाचा कारखाना चालू आहे. काम कमी घेतात. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारच्या वहिनींना आपल्या घरच्या बातम्या ऐकाव्या लागतात. तू फोन केलास की ते 'घे, तुझा लेक आहे' म्हणून फोन माझ्या हातात देतात, आणि तू समजलास की तू कारखाना सोडून नोकरीला गेल्याचा त्यांचा राग अजून गेला नाही. तुला मुलगी झाली तेव्हा तू मुद्दाम त्यांनाच फोन दे म्हणालास. त्यांनी 'हं, बरं, बरं' एवढंच म्हटलं. तेव्हापासून तू त्यांचं नावही काढत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही काढलं नसतं.

पण कारण राग नाही. खरं कारण मला माहीत आहे, पण त्यांना शब्द दिलाय, म्हणून लिहीत नाही. मला फार काही नको. तुम्ही दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोलावं. 'जेवलास का' चालेल.

तुझी,
आई


५ ऑगस्ट

प्रिय लेका,

तुझा निरोप मिळाला. 'कारण काय?' दोन शब्द आले, अंगठ्यापेक्षा बरंच म्हणायचं. कारण सांगता येत नाही असं आधीच लिहिलं होतं, पत्र नीट वाच. सध्या माझी झालेली फजिती ऐक.

बोलण्याच्या तासाला काय घ्यायचं ते मला सुचेना, म्हणून मी सोपा रस्ता धरला. भाषण लिहून दिलं आणि पाठ करून घेतलं. 'माझा आवडता प्राणी : कुत्रा'. आवाज कुठे चढवायचा, हात कुठे करायचा, शेवटी मान कशी झुकवायची, सगळं घोटून घेतलं. काय सांगू तुला, अख्खा वर्ग घड्याळासारखा बोलायला लागला. मी खूश. मोठ्या बाईंना म्हटलं, आता येऊ द्या कुणाला यायचं त्याला.

आणि तपासणीचे साहेब आलेच. भला माणूस. खिडकीपाशी गेले आणि नेमके जमीनदारासमोर उभे राहिले. त्याने बुटांना उद्देशून भाषण म्हणून दाखवलं. साहेबांनी कौतुक केलं आणि विचारलं, "तुझ्याकडे आहे का कुत्रा?"

जमीनदार म्हणाला, "कुत्रा इमानी प्राणी आहे."

"वा! नाव काय त्याचं?"

"त्याला चार पाय असतात."

"असतातच. पण तुझ्या कुत्र्याचं नाव काय?"

"तो घराची राखण करतो."

तेवढ्यात वकीलबाई हात वर न करता उभ्या राहिल्या. "साहेब, याच्याकडे कुत्रा नाहीये. मांजर आहे. पण बाईंनी कुत्राच लिहून दिला."

साहेब हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. नंतर ऑफिसात मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही त्यांना म्हणायला शिकवलंत बाई, बोलायला नाही." मी कप तसाच ठेवून उठले. वर्गात येईपर्यंत त्यांचं म्हणणं पटलं होतं, पण ते त्यांना सांगायला आठवडा घेतला.

मग भाषणं बंद. मुलांना गोल बसवलं आणि म्हटलं, बोला काय बोलायचं ते. काय झालं असेल? मंडई. सगळे एकदम. भोंग्याने भोंगा लावला, बाकीच्यांनी त्याच्यावर ताण केली, जमीनदार आपला बुटांकडे बघत. मी वकीलबाईंना बोलायला उभं केलं आणि सवयीने त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकलं. त्यांनी कमरेवर हात ठेवला. "बाई, मी अजून बोलतेय."

तू पण लहानपणी हेच म्हणायचास. आठवतं?

तुझी,
आई


२७ ऑगस्ट

प्रिय लेका,

दिलेला शब्द आज मोडणार आहे. आधी झालं ते सांगते, म्हणजे का मोडला ते कळेल.

माझ्या वर्गातले बाक खिळखिळे झालेत. मुलं हलली की बाक करकरतात आणि त्या करकरण्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. मोठ्या बाईंनी विचारलं, कुणी सुतार माहीत आहे का? मी म्हटलं, माझ्या घरीच एक आहे, नाकावर माशी बसू देत नाही, पण सांधा पक्का करतो. बाबा आले. पटाशी, हातोडी, लहान करवत, सरसाचा डबा असा सगळा सरंजाम घेऊन आले आणि शेवटच्या बाकापासून त्यांनी सुरुवात केली. मुलं लिहीत होती. बाबांच्या केसांत भुसा पडला होता आणि ते मजेत होते. खूप दिवसांनी मी त्यांना माणसांत मजेत पाहिलं.

लिहून झालेल्या मुलांनी त्यांना घेरलं. वकीलबाई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"आजोबा, ही करवत कुठून आणलीत?"

"हो हो."

"आजोबा, तुम्हाला नातवंडं आहेत?"

"हो, छान आहे."

मी उठले. पण वकीलबाईंचे डोळे बारीक झाले होते. अगदी त्याच सुरात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या डोक्यावर कावळा बसलाय."

"हो हो," बाबा म्हणाले. "शहाणी गं तू."

अख्खा वर्ग फुटला. बाकांवर थापा मारून हसले. आणि लेका, सगळे हसतायत म्हणून बाबाही हसले. का हसतायत हे न कळता, मान हलवत, त्यांच्याबरोबर. मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर गेली आणि त्यांना कळलं. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण आतून गेलं. त्यांनी हत्यारं गोळा केली आणि निघून गेले. करवत राहिली.

आता ऐक. बाबांना ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नाही. समोर बसून सावकाश बोललं तर कळतं, थोडं कानाने, थोडं ओठांवरून. मागून बोललं, गर्दीत बोललं तर नाही. आणि फोनवर तर अजिबात नाही, कारण तिथे ओठ नसतात. आयुष्यभर त्या मोठ्या चक्रीकरवतीशेजारी उभे राहिले, कानात कापूस घाल म्हटलं तर माझ्यावरच डाफरले. डॉक्टरांनी यंत्र लावा म्हटलं, तर म्हणाले कानात म्हातारपणाची पाटी लावून फिरणार नाही. आणि मला शब्द द्यायला लावला, की हे कुणाला सांगायचं नाही. पोराला तर नाहीच. त्याला वाटेल बाप मोडीत निघाला.

मुलगी झाली म्हणून तू फोन केलास, तेव्हा त्यांनी बरं बरं म्हणून फोन माझ्याकडे दिला आणि विचारलं, "काय म्हणत होता?" मी सांगितलं. ते कारखान्यात गेले आणि त्यांनी चक्रीकरवत लावली. मी जाऊन पाहिलं. कापायला काही नव्हतं. नुसती चालू ठेवून उभे होते, भिंतीकडे तोंड करून.

हे त्यांना न विचारता लिहितेय. त्यांना कळलं तर माझी खैर नाही. पण कावळा बसलाय म्हटल्यावर हसणारा तो चेहरा मी पाहिलाय आणि आता मला गप्प बसवत नाही. तू काही करू नकोस. फोन करून 'बाबा, मला कळलं' असं मुळीच म्हणू नकोस. हे त्यांनी तुला सांगितलं पाहिजे, त्यांच्या तोंडाने.

तुझी,
आई


१६ सप्टेंबर

प्रिय लेका,

तुझं पत्र आलं. खरंखुरं, हाताने लिहिलेलं. अक्षर अजून तसंच, कोंबड्याने पाय उमटवल्यासारखं. 'इतकी वर्षं मी कुणावर रागावलो होतो?' हे वाक्य वाचून मी शाळेच्या गॅलरीत उभी राहून रडले. शिपाईकाका काळजीने पाणी घेऊन आले. त्यांना म्हटलं, आनंदाचं आहे. त्यांना पटलं नाही.

कावळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले ती चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच. वकीलबाईंना उभं केलं. त्या घाबरल्या नाहीत, पण वेणीचं टोक तोंडात घातलं होतं.

"मी चेष्टा नव्हते करत, बाई. मी बघत होते पोचतंय का."

"मग पोचलं का?"

"नाही. माझ्या आजीला पण नाही पोचत. पण आजी म्हणते, नाही पोचलं, परत सांग. आजोबा हो का म्हणतात?"

मी तोच प्रश्न वर्गाला विचारला. का म्हणत असतील? कुणी म्हणालं घाई असेल, कुणी म्हणालं विसरले असतील. मग खिडकीपाशी काहीतरी पुटपुटणं झालं. मी जवळ गेले, खाली बसले, कान त्याच्या तोंडापाशी नेला. जमीनदार म्हणत होता, "परत विचारलं की माणसं चिडतात."

"कोण चिडतं?"

तो परत बुटांकडे बघायला लागला. पण मला उत्तर माहीत होतं. 'मोठ्याने बोल', 'किती वेळा सांगायचं', 'आत्ताच सांगितलं ना', हा पाढा मी रोज वाचत असते.

मी विचारलं, "न कळता 'हो' म्हणणारे वर्गात किती जण आहेत? खरं सांगा, कुणाला रागावणार नाही."

आधी जमीनदाराचा हात वर झाला. मग भोंग्याचा. मग एकेक करत जवळजवळ सगळ्यांचा. लेका, मी रोज विचारते 'कळलं का?' आणि अख्खा वर्ग सुरात 'होऽऽ' म्हणतो. नोकरीला लागल्यापासून त्या 'होऽऽ'च्या भरवशावर मी पुढची पानं उलटत आलेय. बाबा एकटे नव्हते. माझ्याकडे वर्गभर बाबा बसले होते.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक रीत काढली. ऐकणाऱ्यापर्यंत बोलणं आलं नाही तर त्याने तळहात वर करायचा आणि म्हणायचं, 'नाही पोचलं.' यात लाजायचं नाही, कारण पोचवायचं काम बोलणाऱ्याचं. बोलणाऱ्याने न चिडता परत सांगायचं, वाटलं तर वेगळ्या शब्दांत. आणि पोचलं असेल तर नुसतं 'हो' चालणार नाही. काय पोचलं ते सांगून दाखवायचं. वकीलबाईंनी कलम जोडलं, "बाईंनी पण." मान्य करावं लागलं.

पहिल्या दिवशी माझ्यावर इतके तळहात उठले की गणिताचं अर्धं पान झालं नाही. एक गंमत कळली, माझं बोलणं फार भरभर आहे. तू तर हसशीलच.

करवत न्यायला बाबा चार-पाच दिवसांनी आले. दारातच उभे. आत येईनात. वकीलबाई उठल्या, त्यांच्यासमोर गेल्या आणि बाबांची नजर त्यांच्यावर येईपर्यंत थांबल्या. तशा त्या कुणासाठी थांबणाऱ्यातल्या नाहीत. मग सावकाश म्हणाल्या, "आजोबा, सॉरी. कावळा नव्हता."

"हो ह..." बाबा थबकले. सवय तोंडातच अडली.

वकीलबाईंनी आपला तळहात वर करून दाखवला. "असं करायचं. मग मी परत सांगते. चिडत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळा पुसायला लागले, पुसायला काही नव्हतं तरी. मग त्यांनी हात वर केला. पुरता नाही, छातीपर्यंत. बोटांना सरस लागला होता.

"कावळा," वकीलबाई म्हणाल्या, "नव्हता."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "असता तर एवढा भुसा घरट्याला घेऊन नसता गेला?"

आता उरलेले बाक करायच्या निमित्ताने ते आठवड्यातून दोनदा येतात. बाक कधीच झालेत. ते शेवटच्या बाकावर बसतात आणि ज्याला काही सांगायचं असेल त्याने त्यांच्यापर्यंत पोचवायचं, असा वर्गाने नियम केलाय. भोंगा ओरडला तरी त्यांना कळत नाही, त्याला शब्द सुटे करावे लागतात. तो आता चक्क माणसासारखा बोलतो. घरी मात्र बाबांनी अजून एकदाही हात वर केलेला नाही. घरी 'हो हो'च चालू आहे.

तुझी,
आई


२२ ऑक्टोबर

प्रिय लेका,

पालकसभा पार पडली. तुला न सांगून चैन पडेना.

काही पालकांनी तक्रार केली होती की रोज तासभर गप्पा मारायला मुलांना शाळेत घालत नाही, घरी काय कमी बोलतात? मोठ्या बाई म्हणाल्या, बघा आणि सांगा, नको वाटलं तर तास बंद करते. मला म्हणाल्या, "काही बसवू नका बाई." मी म्हटलं, कुत्र्याची शपथ, नाही बसवत.

पालक खुर्च्यांवर, मुलं समोर, आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून शेवटच्या बाकावर बाबा. पालकांतले निम्मे त्यांचे गिऱ्हाईक. कुणाचं कपाट, कुणाचं दार त्यांनी केलेलं. ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले.

मुलांना स्वतःचं काहीतरी सांगायचं होतं. जमीनदार आपणहून उठला. मला वाटलं आता साहेबांच्या वेळची पुनरावृत्ती. तो आला, बुटांकडे बघून काहीतरी बोलला. पालक एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या जिभेवर 'मोठ्याने बोल' आलं होतं. गिळलं.

मागून हात वर झाला. पुरता, खांद्याच्या वर.

"नाही पोचलं, राजा," बाबा म्हणाले. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं जरा मोठ्यानेच बोलतात, तसे. "मला कमी ऐकू येतं. परत सांग."

सगळी सभा मागे वळली. बाबांचे कान लाल झाले होते, पण हात खाली आला नाही.

जमीनदाराने मान वर केली. इतक्या डोक्यांवरून त्याने थेट शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि एकेक शब्द नीट ठेवत म्हणाला, "आम्ही घर बदललं. मांजर आली नाही. जुन्या घराच्या जिन्यातच बसते. मी शाळा सुटली की तिला बघायला जातो. ती मला ओळखते."

बाबांनी सांगून दाखवलं, "घर बदललं. मांजर जुन्या घरीच राहिली. तू तिला बघायला जातोस, आणि ती तुला ओळखते." मग हात खाली घेतला. "पोचलं."

पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. उशिरा घरी येतो म्हणून ती त्याला रोज ओरडत होती, तो खेळत बसतो असं समजून. ती उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, अगदी समोर. मग तास बंद करण्याचा विषय कुणी काढला नाही. तक्रार करणारे गृहस्थ जाताना मोठ्या बाईंना एवढंच विचारत होते की असा तास मोठ्यांसाठी ठेवता येईल का.

घरी येताना आम्ही चालत आलो. अर्ध्या वाटेत बाबा म्हणाले, "पोरगा रोज जातो बघायला."

मी त्यांच्यासमोर गेले, त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "मांजरीनेही जायला हरकत नव्हती."

"मांजर हट्टी असते," ते म्हणाले. आणि मग, रस्त्यातच, "त्याला फोन लाव. आज नको. रविवारी सकाळी."

मी म्हटलं, पडद्यावर चेहरा दिसतो तसला लावू, सोपं जाईल. तर म्हणाले, "नको. त्याला आवाजात सांगायचंय मला. चेहरा त्याने इथे येऊन दाखवावा."

तेव्हा रविवारी फोन येईल. तुला काही माहीत नाही. वाक्य लहान ठेव, सावकाश बोल, आणि काही झालं तरी 'आईला दे' म्हणू नकोस. मला भीती वाटते. 'हो हो' म्हणायची त्यांची सवय आता फार जुनी झालीय.

तुझी,
आई


२९ ऑक्टोबर

प्रिय लेका,

तू काय बोललास ते तुला माहीत आहे. तुला दिसलं नाही, तेवढं लिहिते.

फोन करायचा म्हणून बाबांनी सकाळी दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, खिडकी लावली. मला म्हणाले, "तू इथेच बस. पण मध्ये बोलायचं नाही." मी पदराचं टोक तोंडात धरून बसले. आमच्या वकीलबाई वेणीचं धरतात, तसंच.

तू 'बाबा' म्हणालास. ते मलाही ऐकू आलं. मग पुढे काहीतरी म्हणालास आणि बाबा नेहमीसारखं म्हणाले, "हं, ब..."

आणि थांबले.

एका हातात फोन होता, कानाशी घट्ट दाबलेला. दुसरा हात वर गेला. पुरता वर, तळहात उघडा, बंद खिडकीकडे. फोनवर तुला तो कसा दिसणार होता? पण हात वर केल्याशिवाय त्यांना ते वाक्य म्हणता येईना, असं मला वाटतं.

"नाही पोचलं," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही, बाळा. बरीच वर्षं झाली. परत सांग."

तिकडे तू गप्प झालास. फोन कट झाला असं मला वाटलं. बाबांना वाटलं असेल की तू बोलतोयस आणि त्यांनाच येत नाहीये. तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. पालकसभेतही इतका वेळ वर नव्हता.

मग तू परत सांगितलंस. सावकाश. परत सांगितलंस. आणि तिसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणून दाखवला, "सुट्टीत. येतोय. मुलीला. घेऊन." मग हात हळूहळू मांडीवर आला. "पोचलं."

तुझ्या आवाजात चीड नव्हती, एवढं मला बसल्या जागी कळलं. ते तुला कुणी शिकवलं, ते विचारणार नाही.

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "त्याला आश्चर्य नाही वाटलं. तू लिहिलंस ना?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "बरं केलंस." आणि लगेच, "शब्द मोडलास मात्र." आणि डॉक्टरांकडे कधी जायचं ते विचारलं. नातीचा आवाज बारीक असेल, म्हणाले, ओठांवरून पुरता कळायचा नाही. म्हातारपणाच्या पाटीबद्दल अवाक्षर नाही.

आज सकाळपासून कारखान्यात चक्रीकरवत चालू आहे. या वेळी समोर फळी आहे. एक छोटा बाक होतोय. उंची किती ठेवू म्हणून मला विचारत होते, मी काय सांगणार? मोजून कळव.

वर्गात सांगितलं तेव्हा वकीलबाईंनी विचारलं, "नात बोलते का?" मी म्हटलं, बोलत असेल, मी अजून ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "मग बाई, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका."

तू आलास की बाबा बहुतेक कारखान्यातच असतील. दारातून हाक मारू नकोस आणि मागून खांद्यावर हात ठेवू नकोस, करवतीपाशी दचकतात. वळसा घालून समोर जा. मुलीलाही समोर उभं कर. त्यांची नजर वर येईपर्यंत थांब. ती उशिरा वर आली तरी बोलायची घाई करू नकोस, हातातली फळी खाली ठेवायला त्यांना आता थोडा वेळ लागतो.

वाट बघतोय. दोघेही.

तुझी,
आई